विकत घेतलेला काठ

मोल दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा व्यवहारातील सिद्धान्त इतका सर्वमान्य आहे की, त्याविषयी शंका काढणारा वेडाच ठरावा. तथापि जी जमीन वर्षाचे काही महिने पाण्याची आणि काही महिने नांगराची असते, तिच्या बाबतीत हा सिद्धान्त कितपत टिकतो, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा नदीवर मोठे धरण आहे. संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यातले. म्हणून जलाशयास 'संत चोखासागर' हे नाव मिळाले. अशा धरणांसाठी सरकार मोबदला देऊन शेतजमिनी घेते. पुढे पाणी ओसरू लागले की गाळाची जमीन उघडी पडते, व ती गाळपेरीसाठी भाडेपट्ट्याने दिली जाते. ज्यांची शेते बुडाली त्यांस या पट्ट्यांत अग्रमान असतो, आणि तो न्याय्यच आहे.

परंतु या काठाचे आणखीही हक्कदार आहेत. त्यांच्यापाशी सातबारा नाही एवढेच. नदीसुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे उथळ, गवताळ पाण्याकडे धाव घेतात, व त्यांची पिले तेथेच वाढतात. तोच काठ नांगरला, त्यावर खते व औषधे पडली, की अंडी चिरडतात आणि विष पुढील पुराबरोबर जलाशयात उतरते. त्याची झळ अखेर जाळे टाकणाऱ्या भोयासही लागते.

अमेरिकेत 1934 साली निराळा मार्ग निघाला. बदकांची शिकार करणाराने एक डॉलरचे तिकीट घ्यावे व त्या पैशांतून पाणथळ जमिनी विकत घ्याव्यात, असा कायदा झाला. ज्याच्या हातून हानी होते त्यानेच भरपाई करावी, ही त्यातील नीती आम्हांस मोलाची वाटते. आपल्याकडे लोणारचे सरोवर 2000 साली अभयारण्य झाले व 2020 साली रामसर यादीत आले. पण 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीपात्रे आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. पक्षी मात्र हा भेद जाणत नाहीत. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हा बंधाऱ्यामुळे झालेला जलाशयच. पण तो 2019 साली रामसर यादीतले महाराष्ट्राचे पहिले स्थळ ठरला.

यावर कोणी म्हणेल, "ज्याचे शेत एकदा बुडाले, त्याच्या तोंडचा हरभरा पाखरांसाठी काढून घेणे ही कसली दया?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन केलेले निसर्गरक्षण म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून केलेले अन्नदान होय. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, काठाचा मोबदला एकदाच देऊन चालणार नाही. पाण्यालगतचा एक पट्टा जो शेतकरी नांगराविना राखील, त्यास त्या राखणीचे मोल दरसाल मिळावे. आणि ते धरणाचे पाणी वापरणाऱ्या शहरांनी व बागायतदारांनी द्यावे. धरणाचा लाभ ज्यांस झाला, ऋणही त्यांचेच.

पैशाने जमिनीचे स्वामित्व मिळते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्यांस कधी विचारलेच नाही, त्यांचा हक्क मोबदल्याने संपत नाही. चोखोबांना देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले. त्यांच्या नावाच्या पाण्याकाठी तरी, कोण बाहेर राहिले आहे, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.