निष्ठा कशावर?

अनुवादाची सेवा करताना एखादा शब्द आठवडाभर पिच्छा सोडत नाही. मागे माझ्याकडे एका व्याख्यानाचा मजकूर मराठीत आणण्यासाठी आला होता. त्यात ‘पार्टिझन’ हा शब्द होता. मी ‘पक्षपाती’ लिहून पुढे गेले. मजकूर तपासणाऱ्या ताईंनी समासात विचारले, “इथे ‘पक्षनिष्ठ’ चालेल का?”

मी तिथेच अडकले. पक्षपाती म्हटले की दोष झाला, पक्षनिष्ठ म्हटले की गुण. मूळ शब्द तर एकच. ‘निष्ठा’ या शब्दाचे वजन साधकांना वेगळे सांगायला नको. गुरुनिष्ठा, सत्यनिष्ठा, कर्तव्यनिष्ठा हे शब्द आपण किती आदराने उच्चारतो! मग एखाद्याची निष्ठा त्याच्या पक्षावर असेल तर त्याला नावे का ठेवायची?

त्याच दिवसांत एम.कॉम.च्या सार्वजनिक वित्त या विषयाच्या प्रकल्पासाठी मी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्जाविषयी वाचत होते. प्रकल्प आकड्यांचा होता, पण वाचता वाचता मला त्या आकड्यांपेक्षा माणसांचेच वागणे जास्त दिसू लागले. दोन्ही कामे एकमेकांत मिसळली आणि हा लेख झाला.

आधी थोडा हिशेब. सरकारचा एका वर्षाचा खर्च उत्पन्नाहून जेवढा जास्त, ती त्या वर्षाची तूट. अशा वर्षानुवर्षांच्या तुटी साठत गेल्या की ते राष्ट्रीय कर्ज. कर्ज काढणे हेच मुळात पाप, असे वाणिज्य शाखेत कोणी शिकवत नाही, आणि मलाही तसे वाटत नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत लाखो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, करांचे उत्पन्न घटले. तेव्हा सरकारने हात आखडता घेतला असता तर हाल आणखी वाढले असते. पण २००९ या एका वर्षाची तूट सुमारे १.४ लाख कोटी डॉलर झाली आणि एकूण कर्ज १२ लाख कोटींच्या वर गेले. संकट सरल्यावर हे आवरायचे कसे, हा प्रश्न दोन्ही पक्षांना पडला होता. खर्च कमी करायचा की कर वाढवायचे? हिशेबाच्या दृष्टीने थोडे दोन्ही करावे लागणार, हेही बहुतेकांना कळत होते.

आपल्याकडे सरकारचा अर्थसंकल्प लोकसभेत नामंजूर झाला तर सरकारच पडते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळे निवडून येतात, संसदेची दोन सभागृहे वेगळी, आणि वरिष्ठ सभागृहात म्हणजे सिनेटमध्ये महत्त्वाच्या गोष्टींना १०० पैकी ६० मते लागतात. त्यामुळे समोरच्या पक्षातले काही जण सोबत आल्याशिवाय गाडी हलतच नाही.

तेव्हा दोन सिनेटरांनी एकत्र येऊन एक मार्ग सुचवला. नॉर्थ डकोटाचे केंट कॉनराड डेमोक्रॅट होते, न्यू हॅम्पशायरचे जड ग्रेग रिपब्लिकन. दोन्ही पक्षांच्या १८ जणांचा आयोग नेमावा, १८ पैकी १४ जणांचे ज्यावर एकमत होईल ती योजना संसदेपुढे यावी, तिच्यात फेरफार न करता सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे मतदान व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. दोन्ही पक्षांतल्या अनेकांनी सह-प्रस्तावक म्हणून सही केली. २३ जानेवारी २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी, म्हणजे एका डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने, या प्रस्तावाला पाठिंबा जाहीर केला. २६ जानेवारीला मतदान झाले. ५३ मते बाजूने, ४६ विरोधात. ६० चा आकडा गाठता आला नाही.

विरोधात मत देणाऱ्यांमध्ये दोन्ही पक्षांचे लोक होते. पण त्यांत सात रिपब्लिकन सिनेटर असे होते, ज्यांची नावे आधी याच प्रस्तावाखाली सह-प्रस्तावक म्हणून होती. त्यांतल्या बहुतेकांनी मतदानाच्या आधी आपले नाव मागे घेतले होते. सातांच्या मतांत फरक पडला असता तर बेरीज नेमकी ६० होत होती. मी ही वजाबाकी-बेरीज वहीत दोनदा करून पाहिली.

प्रस्तावाचा गाभा तोच होता, कर्जही तेवढेच होते. बदलले काय? त्या सातांच्या मनात शिरून कोणी पाहिलेले नाही, आणि दुसऱ्याच्या हेतूवर निकाल देण्याची घाई साधकाने करू नये हे मला मान्य आहे. हा आयोग शेवटी करवाढीची शिफारस करील, अशी भीती त्या पक्षात बोलली जात होती, आणि ती अगदी निराधार नव्हती. पण ही भीती सही करतानाही असायला हवी होती. नवे घडले ते एवढेच की विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने ‘तुमचे बरोबर आहे’ म्हटले होते.

हे वाचताना मला हसू आले नाही, कारण असे घडताना मी घरात पाहिले आहे. आजोबांनी दुकान वाढवण्यासाठी काढलेले कर्ज त्यांच्या पश्चात बाबा आणि काका या दोघांवर आले. बाबांनी सुचवले, गोदामाचा गाळा विकून टाकू आणि मोकळे होऊ. काका म्हणाले, वडिलांची वस्तू विकायची नाही. दीड वर्षाने काका स्वतःच म्हणाले, “दादा, गाळा विकूया.” बाबांनी पेपर खाली न ठेवताच सांगितले, “तेव्हा नाही सुचलं, आता कशाला?” आजी दोघांकडे बघत राहिली. वाणिज्य शाखेची म्हणून हिशेब माझ्याकडे आला. त्या अठरा महिन्यांचे व्याज मी काढले. माझ्या बी.कॉम.च्या तीन वर्षांची फी त्यात निघाली असती. दोघेही तत्त्वाला धरून होते, निदान तसे म्हणत होते. पण आधी नको असलेली गोष्ट काकांना पटली आणि आधी हवी असलेली बाबांना नकोशी झाली, यात तत्त्व कुठे राहिले ते मला अजून सापडलेले नाही.

आपण मताला चिकटून असतो असे म्हणतो, पण मला वाटते आपण बऱ्याचदा मतालाही चिकटलेले नसतो. मत आपले असते तोवरच ते प्यारे असते. समोरच्याने ते स्वीकारले की त्यातले ‘माझेपण’ जाते आणि मागे नुसता मुद्दा उरतो, आणि नुसत्या मुद्द्यावर आपले प्रेम कधीच नव्हते. सत्संगात आपण ममत्वाविषयी ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे पैसा, घर, मुले येतात. मतावरचे ममत्व ओळखणे अवघड, कारण ते तत्त्वाचा वेष घेऊन येते.

पुढची गोष्ट थोडी वेगळी आहे, म्हणून सांगते. संसदेने नाकारल्यावर ओबामांनी स्वतःच्या अधिकारात १८ जणांचा आयोग नेमला. रिपब्लिकन पक्षाचे माजी सिनेटर ॲलन सिम्पसन आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळातले अधिकारी अर्स्किन बोल्स त्याचे अध्यक्ष होते. काही महिने हे लोक एका टेबलाभोवती बसले. डिसेंबर २०१० मध्ये त्यांच्या योजनेवर मत घेतले गेले. ती योजना दशकभरात सुमारे ४ लाख कोटी डॉलरची तूट कमी करणारी होती. त्यात खर्चकपात होती, करांतल्या सवलती काढणे होते, निवृत्तिवेतनाचे वयही हळूहळू वाढवायचे होते. म्हणजे प्रत्येकाला काहीतरी टोचणारे होते. १८ पैकी ११ जणांनी होकार दिला. १४ हवे होते.

पण ते ११ कोण होते? इलिनॉयचे डिक डर्बिन हे उदारमतवादी डेमोक्रॅट आणि ओक्लाहोमाचे टॉम कोबर्न हे कट्टर काटकसरी रिपब्लिकन, दोघेही ‘हो’ म्हणाले. आणि आयडाहोचे माइक क्रॅपो, जे जानेवारीतल्या त्या सात जणांपैकी एक होते, तेही डिसेंबरमध्ये ‘हो’ म्हणाले. याचा अर्थ माणूस त्याच वर्षात परतूही शकतो. सभागृहात भाषण करणे आणि समोरासमोर बसून आकडे पाहणे यात काहीतरी फरक असला पाहिजे.

योजना मात्र पुढे गेली नाही. ज्यांनी आयोग नेमला त्या ओबामांनीही ती जशीच्या तशी उचलून धरली नाही. मार्च २०१२ मध्ये तिच्यावर आधारलेला एक प्रस्ताव प्रतिनिधिगृहात आला तेव्हा ३८ जण बाजूने आणि ३८२ विरोधात होते. हेच ओबामा २००६ मध्ये सिनेटर असताना कर्जमर्यादा वाढवण्याच्या विरोधात मत देऊन बसले होते, कारण तेव्हा सत्ता दुसऱ्या पक्षाची होती. २०११ मध्ये ती मर्यादा वाढवून मागण्याची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हा ते मत चुकीचे होते असे त्यांनी कबूल केले. दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे मला पटत नाही. एकाने कर वाढवायचे नाहीत अशी शपथ घेतली होती, दुसरा पक्ष निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्ययोजनेला हात लावू देणार नाही म्हणत होता.

शपथ हा शब्द मी उगाच वापरत नाही. ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांच्या संस्थेने कर न वाढवण्याची एक लेखी प्रतिज्ञा तयार केली होती आणि बहुतेक सर्व रिपब्लिकन सदस्यांनी तिच्यावर सही केली होती. ऑगस्ट २०११ मध्ये आयोवातल्या एका वादसभेत राष्ट्राध्यक्षपदाच्या आठ इच्छुकांना विचारले गेले, दहा डॉलरच्या खर्चकपातीबरोबर फक्त एका डॉलरची करवाढ असेल तर तुम्ही तो करार नाकाराल का? आठही जणांनी हात वर केले.

आता खरा अवघड प्रश्न. त्यांनी दिलेला शब्द पाळला. शब्द पाळणे वाईट कसे?

मला इथे भीष्म आठवतात. सत्यवतीच्या मुलांना राज्य मिळावे म्हणून त्यांनी राज्य आणि विवाह दोन्ही सोडले. पुढे तिची दोन्ही मुले निपुत्रिक गेली आणि खुद्द सत्यवतीच विनवू लागली की आता वंश तूच चालव. जिच्यासाठी प्रतिज्ञा, तीच ती सोडायला सांगत होती. भीष्म हलले नाहीत. लहानपणी मला हे फार थोर वाटे. आता वाटते, ती प्रतिज्ञा कोणासाठी घेतली होती हे त्या क्षणी बाजूला पडले आणि प्रतिज्ञा घेणारा तेवढा उरला. माझे हे म्हणणे अनेकांना पटणार नाही, आमच्या आजीला तर मुळीच पटत नाही.

उलट बाजूला थोरले जॉर्ज बुश. १९८८ मध्ये त्यांनी नवे कर लावणार नाही असे जाहीर वचन दिले आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवून त्यांना निवडून दिले. १९९० मध्ये तूट वाढत गेली तेव्हा विरोधी पक्षाशी बोलणी करून त्यांनी करवाढ मान्य केली. स्वतःच्या पक्षातले लोक उलटले, आणि १९९२ ची निवडणूक ते हरले. १९९८ ते २००१ अशी चार वर्षे अमेरिकेच्या अर्थसंकल्पात तूट नव्हती, शिल्लक होती. त्यात त्या काळच्या तेजीचा मोठा वाटा होता, १९९३ मध्ये क्लिंटन यांनी केलेल्या करवाढीचाही होता, पण पाया घालण्यात १९९० च्या कराराचा हात होता असे अनेक जाणकार मानतात. २०१४ मध्ये त्या निर्णयाबद्दल बुश यांना धैर्याचा पुरस्कार मिळाला, तोही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या नावाचा.

म्हणून वचन मोडणे सोपे किंवा चांगले, असे मी म्हणत नाही. ज्यांनी त्या वचनावर मत दिले त्यांची फसगत झालीच, आणि ती कोणत्याही पुरस्काराने भरून येत नाही. फरक एवढाच दिसतो की वचन मोडण्याची किंमत बुश यांनी स्वतः मोजली. आयोवातल्या त्या हातांची किंमत मात्र ज्यांना अजून मताचा अधिकारही नव्हता त्यांच्या खात्यावर चढली. २०११ मध्ये एका पतमापन संस्थेने अमेरिकेचा सर्वोच्च दर्जा काढून घेतला, २०२३ मध्ये दुसरीने, २०२५ मध्ये तिसरीने. २०२४ या आर्थिक वर्षात तिथल्या सरकारचा व्याजावरचा खर्च संरक्षणावरच्या खर्चाहून जास्त झाला. कर्ज आता ३७ लाख कोटी डॉलरच्या पुढे आहे.

ताईंना मी शेवटी ‘पक्षाभिमानी’ हा शब्द सुचवला. अभिमान आपल्या भाषेत गुणही आहे आणि साधनेत अडथळाही आहे, म्हणून तो मला बरा वाटला. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते.

घरी मी एक प्रयोग केला. गाळा विकला तर काय आणि ठेवला तर काय, असे दोन्ही हिशेब एका कागदावर टाइप केले, कोणाचेही नाव न घालता. बाबांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. आकडे बरोबर आहेत म्हणाले. मग विचारले, “यातलं काकाचं कोणतं?”