सदऱ्यावरचें पुण्य

जानेवारी महिन्यांतील एका रविवारीं सकाळीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसाच्या बाजूस जें दृश्य दिसतें, तें आमच्या आजोबांच्या पिढीस खचित चमत्कारिक वाटलें असतें. २००४ सालीं सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन या दिवशीं धांवते. आणि खऱ्या धांवपटूंखेरीज हजारों हौशी स्त्रीपुरुष ‘ड्रीम रन’ या नांवाच्या लहानशा पल्ल्यांत हंसतखिदळत चालत असतात. यांपैकीं पुष्कळांच्या अंगांत एकसारखे टी-शर्ट असतात, व त्यांवर कांहीं ना कांहीं लिहिलेलें असतें. कोणाच्या छातीवर कर्करोग्यांना मदत करण्याचें आवाहन असतें, तर कोणाच्या पाठीवर नेत्रदानाचा उपदेश असतो. वाचनालयांत बसून महिनाभरांत जेवढे सद्विचार वाचून होत नाहींत, तेवढे येथें तासाभरांत डोळ्यांखालून जातात.

एकदां हा सोहळा पाहात असतां आमच्या शेजारीं उभे असलेले एक वृद्ध स्नेही म्हणाले, “काय द्यायचें तें द्यावें, पण तें पाठीवर कशाला लिहावें?” त्यांचा प्रश्न त्या वेळीं आम्हीं हंसण्यावारीं नेला; परंतु तो मनांतून गेला नाहीं. परोपकाराचा असा अंगावर उच्चार करणें हें सौजन्य कीं प्रदर्शन? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला, तरी त्याच्या मुळाशीं नीतीचा एक जुना वाद आहे, व आमच्या स्वतःच्या घरींच त्याचें उत्तर देण्याचा प्रसंग पुढें आम्हांवर आला. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

आमच्या स्नेह्यांच्या बाजूस परंपरा आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. गुप्तदानाची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलों. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत केवळ कर्तव्य म्हणून दिलेल्या दानास सात्त्विक म्हटलें असून, फळाकडे डोळा ठेवून दिलेल्यास राजस म्हटलें आहे. आणि लोकांनीं वाहवा करावी ही इच्छाही एक फळाचीच इच्छा होय. हें सर्व खरें. पण गुप्तदानाचा महिमा सांगणारांनीं एकदां गांवच्या देवळांत जाऊन जरा वर पाहावें. पायरीच्या दगडावर नांव, बांकाच्या पाठीवर नांव, आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांवर तेंच नांव! पंखा फिरूं लागला म्हणजे नांव दिसेनासें होतें, एवढीच काय ती त्यांतील गुप्तता. टी-शर्टावर निदान देणाऱ्याचें नांव नसतें; ज्या कार्यासाठीं तो घेतला, त्या कार्याचें असतें. तेव्हां केवळ प्रदर्शन म्हणून त्यास दोष द्यावयाचा, तर आधीं देवळांतील पंखा बंद करावा लागेल.

परंतु दुसऱ्याचा दोष दाखविल्यानें आपला दोष नाहींसा होत नाहीं. गुप्ततेचा आग्रह मुळांत कशासाठीं होता, हें पाहिलें पाहिजे. आमच्या मतें तो देणाऱ्याचा अहंकार मोडण्यासाठीं जितका होता, तितकाच किंवा त्याहूनही अधिक, घेणाऱ्याची लाज राखण्यासाठीं होता. अमक्याच्या घरीं आम्हीं धान्य पाठविलें, तमक्याच्या मुलाची फी आम्हीं भरली, असें चारचौघांत सांगणें म्हणजे एका हातानें द्यावें व दुसऱ्या हातानें घेणाऱ्याची मान खालीं घालावी, असेंच आहे. येथें मौन हाच धर्म होय. परंतु जेथें प्रश्न एका माणसाच्या गरजेचा नसून पुष्कळांवर होणाऱ्या अन्यायाचा असतो, तेथें मौनाचा अर्थ अगदीं उलटा होतो. शेजाऱ्याची भूक झांकून ठेवावी, हा विनय. पण समाजांतील अन्याय झांकून ठेवावा, ही त्याला दिलेली संमति. दान गुप्त असावें व निषेध उघड असावा, असें म्हटल्यास या दोन धर्मांत विरोध उरत नाहीं.

याचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. १७८७ सालीं जोसाया वेजवुड या प्रसिद्ध कुंभकारानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक लहानसें पदक तयार केलें. त्यावर सांखळदंडांनीं बांधलेला, गुडघे टेंकून बसलेला एक काळा मनुष्य कोरलेला होता. व मी माणूस नव्हे काय, तुमचा भाऊ नव्हे काय, अशा अर्थाचा त्याचा प्रश्न भोंवतीं लिहिलेला होता. हें पदक पुरुषांनीं तपकिरीच्या डब्यांवर बसवून घेतलें, व स्त्रियांनीं कांकणांत आणि केसांच्या आंकड्यांत घातलें. पाहतां पाहतां ती एक फॅशन झाली. आमचे स्नेही त्या काळीं लंडनांत असते तर त्यांनींही विचारलें असतें, “दया करायची ती करा, पण ती केसांत कशाला माळायची?” तथापि त्या पदकानें जो प्रश्न घरोघरच्या दिवाणखान्यांत नेला, तो पुढें पार्लमेंटासही टाळतां आला नाहीं, व १८०७ सालीं ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद झाला. केवळ पदकानें हें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पदकाशिवाय तें तितकें लौकर झालें असतें, असेंही म्हणवत नाहीं. या चळवळीची दुसरीही एक गोष्ट विसरतां कामा नये. १७९१ च्या सुमारास तेथील हजारों कुटुंबांनीं गुलामांच्या श्रमानें पिकलेली वेस्ट इंडीजची साखर घरांत आणणें सोडून दिलें. पदक अंगावर होतें, पण व्रत स्वयंपाकघरांत होतें. या गोष्टीकडे आम्ही पुढें पुन्हां वळणार आहों.

पदकाची जागा टी-शर्टानें घेतली ती गेल्या शतकांत. १९४८ सालीं अमेरिकेंत अध्यक्षपदाचे उमेदवार डुई यांच्या प्रचाराचें वाक्य छापलेला असा एक सदरा निघाला होता. पण या सदऱ्याचें खरें सामर्थ्य जगास दिसलें तें १९८४ सालीं. त्या वर्षीं कॅथरिन हॅम्नेट या वेषकार बाई लंडनमध्यें पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या भेटीस गेल्या, तेव्हां त्यांच्या अंगांतील सदऱ्यावर भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें, कीं शेंकडा ५८ लोकांना पर्शिंग क्षेपणास्त्रें नकोत. तें छायाचित्र सर्वत्र छापून आलें. ज्या सामान्य माणसास वर्तमानपत्र काढतां येत नाहीं, कीं सभा भरवितां येत नाहीं, त्याला स्वतःची छाती हाच एक फलक असतो; व तो त्यानें सत्कार्यास दिला तर त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

येथवर आम्हीं टी-शर्टाची बाजू मांडली. आतां दुसरी बाजू पाहूं. सदऱ्यावर छापलेलें वाक्य शोभेची वेलबुट्टी नव्हे. तें घालणाऱ्याच्या तोंडचें वाक्य आहे. आणि वाक्य म्हटलें कीं तें खरें कीं खोटें, हा प्रश्न आलाच. त्याची परीक्षा आमच्या मतें दोन ठिकाणीं होते: जेथें तो सदरा शिवला जातो तेथें, व जेथें तो घातला जातो तेथें.

पहिल्या परीक्षेचें उदाहरण फार जुनें नाहीं. इंग्लंडांतील कॉमिक रिलीफ या धर्मादाय संस्थेसाठीं ‘स्पाइस गर्ल्स’ या गायिकांच्या नांवें एक टी-शर्ट विक्रीस काढण्यांत आला होता. किंमत १९ पौंड ४० पेन्स, व त्यांपैकीं ११ पौंड ६० पेन्स स्त्रियांच्या समतेच्या कार्यास जावयाचे होते. जानेवारी २०१९ मध्यें ‘गार्डियन’ पत्रानें असें प्रसिद्ध केलें, कीं हे सदरे बांगलादेशांतील ज्या कारखान्यांत शिवले गेले, तेथील बायकांना तासाला ३५ पेन्सांइतकी मजुरी मिळे, व काम पुरें न झाल्यास त्यांना घाणेरड्या शिव्या ऐकाव्या लागत. या हिशेबानें, जिनें तो सदरा शिवला तिला तो विकत घ्यावयाचा तर सुमारें पंचावन्न तास राबावें लागलें असतें. संस्थेस किंवा गायिकांस हें ठाऊक नव्हतें, असें त्यांनीं सांगितलें, व तें खोटें मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. किंबहुना आम्हांस भय वाटतें तें याच गोष्टीचें. यांत दुष्ट हेतूनें वागणारा असा कोणी शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं. देणाऱ्याचें मन चांगलें, घेणाऱ्या संस्थेचें कार्य चांगलें, सदऱ्यावरचें वाक्य चांगलें. आणि तरीही स्त्रीच्या सन्मानाचा सदरा स्त्रीच्या अपमानांतून तयार झाला. त्याच देशांत सावार येथें २४ एप्रिल २०१३ रोजीं राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसें मेलीं. आदल्या दिवशीं भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या असतांही कामगारांना आंत बोलाविण्यांत आलें होतें. तेथें साधे बाजारी कपडे शिवले जात, सत्कार्याचे नव्हेत. परंतु स्वस्त सदऱ्याची किंमत कोण भरतो, हें त्या दिवशीं सर्व जगास दिसलें.

याउलट, घालणें व घडविणें यांचा मेळ बसलेलींही उदाहरणें आहेत. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ इंग्लंडांत १९२१ पासून छातीवर लाल खसखशीचें कृत्रिम फूल लावतात. व १९२२ मध्यें तीं फुलें करण्यासाठीं जो कारखाना निघाला, त्यांत जायबंदी झालेल्या सैनिकांनाच काम देण्यांत आलें. ज्यांच्यासाठीं फूल लावावयाचें, त्यांच्याच हातांनीं तें घडविलेलें! आणि आपल्याकडची खादी तर सर्वांस परिचित आहे. ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत परळ येथें गांधीजींनीं परदेशी कापडाची होळी केली, व त्यानंतर ज्यांनीं खादी अंगावर घेतली त्यांच्या सदऱ्यावर एक अक्षरही लिहिलेलें नव्हतें. लिहिण्याची गरजच नव्हती. सूत कोणीं कांतलें, हाच त्या वस्त्राचा मजकूर होता. पण खादीचा पुढील इतिहास आम्हांस आणखीही एक गोष्ट शिकवितो. तीच खादी स्वातंत्र्यानंतर सत्तेचा गणवेष झाली, व शुभ्र वस्त्राआड काय काय लपूं शकतें, हेंही लोकांनीं पाहिलें. तेव्हां वस्त्र शुद्ध हातांनीं घडलें म्हणून काम संपलें असें नव्हे. तें अंगावर घेणाऱ्याचें वर्तन, ही दुसरी परीक्षा उरतेच.

आणि या दुसऱ्या परीक्षेंत आम्ही स्वतः नापास झालों, तो प्रसंग येथें सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरांतील तरुण मंडळींनीं अशाच एका धांवेंत भाग घेतला व पैसे भरून टी-शर्ट आणले. प्रत्येक मुलगी शाळेंत गेली पाहिजे, अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य त्यांवर होतें. वर्षा-दोन वर्षांनीं त्यांतील एक आंखूड झाला, म्हणून घरीं कामाला येणाऱ्या बाईंना तो देऊन टाकला. पुढें एका पावसाळ्यांत त्या तापानें आजारी पडल्या, व त्यांची आठवींतली मुलगी त्यांच्या बदलीं भांडीं घांसावयास येऊं लागली. तिच्या अंगांत तोच सदरा होता. तीन दिवस ती आली. आम्हीं सर्वांनीं तिला पाहिलें, पण तें वाक्य कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. चौथ्या दिवशीं सकाळीं अकराच्या सुमारास एक पाहुणे आले होते. त्यांनीं तिच्या पाठीवरचें वाक्य मोठ्यानें वाचलें, व ते हंसले. मुलीनें मागें वळून विचारलें, “काय लिहिलंय हो काकू?” घरांत कोणासच चटकन् उत्तर देववेना. शेवटीं अर्थ सांगितला, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “आज आमच्याकडे चाचणी आहे.” आणि पुन्हां पातेलें घांसूं लागली.

तिला ताबडतोब शाळेंत धाडलें, व भांडीं आम्हीं घांसलीं, यांत सांगण्यासारखें कांहीं नाहीं. सांगण्यासारखें तें पुढेंच आहे. आई आजारी असतां मुलगी कां आली, याची चौकशी केली, तेव्हां कळलें कीं खाड्याचा पगार कापला जाईल, अशी त्या बाईंना भीति होती. ती भीति निराधार नव्हती. आजारीपणाची पगारी रजा हा विषय आमच्या घरांत दहा वर्षांत कधीं निघालाच नव्हता. दूरच्या कोणा मुलीच्या शिक्षणासाठीं आम्हीं शेंकडों रुपये आनंदानें भरले होते. पण जी मुलगी आमच्याच मोरीपाशीं बसली होती, तिची शाळा आमच्या चार दिवसांच्या खाड्याच्या हिशेबानें बुडत होती. त्या महिन्यापासून आम्हीं रजेचा नियम ठरविला. तो आमचा उपकार नव्हे. फार दिवस थकलेलें देणें होतें.

या प्रसंगानंतर कित्येक दिवस आम्हांस वाटे, कीं असले सदरे घेऊंच नयेत. परंतु शांतपणें विचार करतां तेंही खरें वाटेना. ज्या इंग्रज कुटुंबांनीं साखर सोडली, त्यांना ती सोडण्याची बुद्धि कदाचित् त्या पदकानेंच दिली असेल. आमच्याही घरीं तें वाक्य मुलीच्या पाठीवर नसतें, तर आमचे डोळे उघडले नसते. म्हणून चांगलें वाक्य अंगावर घेण्यास भिऊं नये. मात्र तें घेतांना आपण पुण्य पदरांत पाडलें असें न समजतां, आपण एक कर्ज अंगावर घेतलें, असें समजावें. सदरा कोणीं शिवला, त्याला काय मिळालें, हें विकणाऱ्यास विचारावें. उत्तर मिळालें नाहीं, तर देणगी सरळ कार्यास पाठवावी व जुनाच सदरा घालून धांवावें. आणि वाक्य कोणाच्याही दुःखाविषयीं असो, तें दुःख आपल्या उंबरठ्याच्या आंत कोठें बसलेलें तर नाहीं ना, हें एकदां पाहावें. आमच्या वृद्ध स्नेह्यांस आतां आम्ही एवढेंच उत्तर देऊं, कीं पाठीवर लिहिण्यास हरकत नाहीं. पण पाठीवरचें आपलें आपणांस दिसत नाहीं, तें दुसऱ्यानें वाचून दाखविल्यास राग मानूं नये.