मुक्काम कोणी ठरवायचा?

प्रवाशाने राहण्याची जागा स्वतः निवडावी की समोर येईल ती स्वीकारावी, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा आहे. सुट्टीसाठी बेटावर जाणारा माणूस समुद्र दिसणारी खोली हवी की बाजारपेठ जवळ हवी, एवढेच पाहतो. धर्मपरंपरांनी मात्र हा प्रश्न आचाराचा मानला आणि त्याला नियम लावले. नर्मदा परिक्रमेत हे नियम आजही जिवंत आहेत. त्यांची खरी कसोटी लागते ती महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, मणिबेलीच्या परिसरात.

परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतो. ओंकारेश्वराहून निघालेला दक्षिण तटाने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत जातो, तिथे नावेने उत्तर तटाला लागतो आणि अमरकंटकाला वळसा घालून परत येतो. मध्ये कुठेही नर्मदा ओलांडायची नाही. जुन्या रिवाजाने याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात, कारण प्रत्येक चातुर्मासात चालणे थांबते. मुक्कामाचा नियम साधा आहे. दिवस मावळायच्या आत जे गाव, देऊळ किंवा कुटी लागेल तिथे ‘आसन लावायचे’. पुढच्या आश्रमात जेवण बरे मिळते असे ऐकून रेटून चालत राहणे हे चालण्यातले शौर्य नव्हे, तो लोभच समजला जातो.

आश्रमाच्या ओट्याशी पोहोचलेल्याला पहिला प्रश्न येतो तो ‘कितनी मूर्ती?’ नाव, गाव, कूळ यांच्या आधी संख्या विचारली जाते, कारण किती पीठ भिजवायचे ते तिच्यावर ठरते. माणसाला मूर्ती म्हणून मोजण्यात भक्ती आहे आणि स्वयंपाकघराचा हिशोबही आहे. झोळी उतरते. ओट्याचा एक कोपरा वाट्याला येतो, कधी भिंतीलगतचा, कधी वाऱ्याच्या तोंडावरचा. कांबळे अंथरले जाते, बरोबरची नर्मदाजलाची कुपी पाटावर ठेवून आरती होते. सदावर्त असेल तर पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो आणि चूल आपली आपण पेटवायची असते. सदावर्त नसेल तर गावात भिक्षा. कोपरा बदलून मागण्याची पद्धत नाही.

या नियमामागचा विचार असा. घर सोडणे तुलनेने सोपे असते, पण आवडीनिवडीचे घर माणूस बरोबर घेऊन फिरतो. रोज संध्याकाळी जागा निवडणारा प्रवासी रोज थोडे घर बांधतो आणि जगाने आपल्या पसंतीभोवती मांडून बसावे अशी अपेक्षा करतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत ठरावीक निवारा नसणे येते, आणि ते बुद्धीच्या स्थिरतेला लागून येते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. निवाऱ्याबद्दलचा आग्रह सुटला तर मन जागेवर येते, असे त्यातून सुचते. वारीची रीत थोडी वेगळी आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीचे मुक्काम आधीच ठरलेले असतात. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद हा क्रम वारकऱ्याने निवडलेला नसतो, पण तो त्याला ठाऊक असतो. परिक्रमेत ठाऊक असण्याचीही खात्री नसते.

एका जागी किती काळ राहायचे, यावरही बंधने आहेत. संन्याशाने गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री राहावे, असे धर्मशास्त्र सांगते. पाहुणा दुसऱ्या दिवशीही राहिला की यजमानाशी नाते जडते आणि नात्याबरोबर मागण्याही येतात. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या ग्रीक पुस्तिकेतही असाच दंडक आहे: फिरता संदेष्टा एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमाने नेमकी उलट बाजू घेतली. मठामठांतून तीन-चार दिवस पाहुणचार झोडत हिंडणाऱ्या भिक्षूंना त्याने सर्वांत हीन ठरवले आणि एका मठात आयुष्य काढण्याचे व्रत घालून दिले. भारतात एका जागी ठाण मांडणाऱ्या साधूबद्दल शंका घेतली जाते, युरोपात फिरत्या साधूबद्दल. दोन्हीकडे भीती एकच होती: धर्माच्या नावावर फुकटात सुखाची जागा शोधणारा माणूस.

फिरण्याच्या नियमाला चातुर्मास हा मोठा अपवाद आहे. पावसाळ्यात जमिनीवर किडेमुंग्या आणि कोवळे कोंभ असतात, पायाखाली हिंसा होते, म्हणून जैन साधू, बौद्ध भिक्षू आणि हिंदू संन्यासी यांनी एका ठिकाणी थांबायचे. जैन परंपरेत साधू या मुक्कामाची जागा आपल्या मर्जीने ठरवत नाहीत. गावोगावचे संघ विनंती करतात आणि निर्णय आचार्य देतात. सिंधुदुर्गातील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, पायी फिरत प्रत्येक चातुर्मास एकेका क्षेत्री करत. 1914 साली त्यांनी नर्मदेच्या तीरावर गरुडेश्वर येथे देह ठेवला. आज सरदार सरोवर धरणाच्या खालच्या अंगाला, केवडियाजवळ असलेले हे स्थान मराठी दत्तभक्तांचे मोठे तीर्थ आहे. तिथे उतरणाऱ्याला भक्तनिवासात खोली मिळते. स्वामींच्या नियमात ती बसली असती का, हा प्रश्न तिथे सहसा कोणी काढत नाही.

न निवडलेल्या मुक्कामाची एक जुनी कथा भूमध्य समुद्रात घडते. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या पौलाचे जहाज वादळात फुटले आणि सगळे एका बेटाला लागले. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांत त्या बेटाला मिलिता म्हटले आहे, म्हणजे आजचा माल्टा. पाऊस आणि थंडी होती, म्हणून तिथल्या लोकांनी शेकोटी पेटवली. बेटावरील प्रमुख असलेल्या पुब्लियुसने तीन दिवस पाहुणचार केला आणि मंडळी पुढे तीन महिने राहिली. हिवाळ्यात त्या समुद्रात जहाजे हाकत नसत, म्हणजे तोही एक प्रकारचा चातुर्मासच. माल्टाच्या लोकांना ती घटना आजही अभिमानाची वाटते. त्या अभिमानात पाहुण्याच्या थोरवीइतकीच यजमानांची थोरवी आहे, आणि मुक्कामाच्या तत्त्वज्ञानात नेमकी हीच बाजू बहुतेकदा सुटते. जागा स्वीकारणाऱ्याच्या वैराग्याची वर्णने पुष्कळ मिळतात. जागा देणाऱ्याची मिळत नाहीत.

शूलपाणीच्या झाडीत ही उणीव फार ठळक दिसते. दक्षिण तटावरचा सातपुड्यातला हा जंगलपट्टा परिक्रमेतला सर्वांत कठीण टप्पा मानला जाई. इथले भिल्ल परिक्रमावासीला लुटत. पैसे, भांडी, कांबळे, कपडे जात आणि तो लंगोटीवर पुढे निघे. लुटणाऱ्यांना परिक्रमावासी आदराने ‘मामा’ म्हणत, आणि उरलासुरला परिग्रह नर्मदामाईच त्यांच्या हातून काढून घेते, असे मानत. गो. नी. दांडेकरांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत मराठी लेखकांनी परिक्रमेवर लिहिले आणि या झाडीचा दबदबा मराठी वाचकाच्या मनात कायम राहिला. लुटीचा हा अर्थ भक्तिदृष्ट्या सुंदर आहे, पण तो फार सोयीचाही आहे. इंग्रज सरकारने जंगले राखीव केल्यावर डोंगरातल्या माणसाच्या हाती काय उरले, हे तो विचारत नाही. यात्रेकरूच्या वैराग्याचा धडा पुरा व्हावा म्हणून भिल्लांची गरिबी जणू नेमून ठेवलेली असते. स्वेच्छेने सगळे सोडणारा आणि मुळातच काही नसलेला, हे दोघे त्या पायवाटेवर समोरासमोर येत, आणि तत्त्वज्ञान लिहिले गेले ते पहिल्याच्या बाजूने.

मणिबेलीत दुसऱ्याची बाजू बोलू लागली. तडवी आणि वसावे कुटुंबांचे हे गाव सरदार सरोवराच्या पाण्यात जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव. जवळचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळही पाण्याखाली गेले आणि देवाची नवी स्थापना गुजरातेत गोरा येथे झाली. गावातली काही कुटुंबे गुजरातेतील परवेटा येथे पुनर्वसनाला गेली, काहींनी जायचे नाकारले. 1993 च्या पावसाळ्यात पाणी घरात आले तरी लोक आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते तिथेच बसले. त्याआधी, 1992 च्या जूनमध्ये, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला प्रतिकूल अहवाल दिला होता आणि मार्च 1993 मध्ये बँकेच्या उरलेल्या कर्जावर पाणी सोडण्यात आले. मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवा, अशी मागणी जगभरच्या संघटनांनी 1994 साली ज्या जाहीरनाम्यात केली, त्याला मणिबेलीचे नाव आहे.

आता मुक्कामाच्या धर्माला इथे काय म्हणता येते? परिक्रमावासीचा नियम सांगतो की जागेला चिकटू नये. मणिबेलीकर जागेला चिकटून राहिले. एका निकषाने ही आसक्ती ठरेल, पण तसे म्हणणे उथळ होईल. परिक्रमावासीची अनासक्ती कोणीतरी आसक्तीने सांभाळलेल्या ओट्यावरच रात्र काढते. गावातले देव आणि पूर्वजांच्या खुणा त्या त्या जागेच्या असतात. शूलपाणेश्वराची स्थापना गोऱ्याला करता आली, कारण शास्त्रोक्त प्राणप्रतिष्ठेचा विधी उपलब्ध होता. डोंगरातल्या, झाडाखालच्या देवांना असा बदलीचा हुकूम लागू होत नाही. तेव्हा ‘कुठेही राहता येते’ हे वाक्य साधूच्या तोंडी वैराग्य असते, आणि पुनर्वसन अधिकाऱ्याच्या तोंडी तेच वाक्य जमीन खाली करण्याची नोटीस होते.

याच्या नेमकी उलट बाजू बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुभवात आहे. 1917 साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी तिथे गेले तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना कुठल्याही हिंदू खाणावळीत थारा मिळणार नव्हता. ते पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत उतरले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही जागा दिली नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत झाडाखाली बसून काढला. मिळेल ती जागा स्वीकारा, हा उपदेश इथे निरर्थक होतो, कारण मिळणारी जागाच नाही. निवडीचा त्याग करायला आधी निवड हातात असावी लागते. गाडगे महाराजांना हे नेमके कळले होते. त्यांनी आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरला खास चोखामेळ्याच्या नावाने एक बांधली, जी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. विठ्ठलाच्या दारी रात्र कुठे काढायची या प्रश्नाचे हे उत्तर कीर्तनाइतकेच धार्मिक होते.

म्हणून निवड करणे हेच पाप, असा निष्कर्ष निघत नाही. सहकुटुंब निघालेल्याने, म्हाताऱ्या आईला घेऊन गेलेल्याने चांगली खोली शोधली तर त्यात वावगे काही नाही. प्रश्न उरतो तो आपला मुक्काम कोणाच्या जागेवर उभा आहे याचा. धरणाच्या खाली साधू बेटावर 2018 पासून 182 मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा आहे. आसपास हॉटेले आणि तंबूंची वसाहत आहे, आणि पर्यटक खोली आधी आरक्षित करून येतो. पाण्याच्या वरच्या अंगाला, त्याच जलाशयात, बुडीत गावांतल्या टेकड्यांचे टापू झाले आहेत. तिथे बोटीने जावे लागते, दवाखानाही तरंगता असतो, आणि महाराष्ट्राच्या मतदारयादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या केंद्रावर, म्हणजे मणिबेलीला, मतदान पथकाला पाण्यावरून जावे लागते. दोन्हीकडे पाणी एकच. एकीकडे बेटावरचा मुक्काम विकत मिळतो, दुसरीकडे तो न मागता गळ्यात पडला आहे.

परिक्रमावासींपुढे मात्र एक वेगळाच शास्त्रीय पेच आला. नर्मदा ओलांडायची नाही, पण तिला मिळणाऱ्या उपनद्या ओलांडायला हरकत नाही, असा जुना दंडक आहे. जलाशय फुगून उपनद्यांच्या खोऱ्यांत आत घुसला, तेव्हा त्या फाट्यांमधले पाणी उपनदीचे मानायचे की माईचे? उपनदीचे म्हटले तर नावेने जाता येते, माईचे म्हटले तर परिक्रमा खंडित होते. बहुतेकांनी हा वाद न घालता वाट बदलली. काही जण धडगाव, मोलगीच्या बाजूने डोंगरातून जातात, बाकीचे बडवानीहून शहादा, तळोदा, अक्कलकुव्याच्या सडकेने राजपीपळ्याकडे उतरतात. सडकेवर आश्रम आहेत, शाळांच्या पडव्या आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. अनेकांच्या खिशात आता मुक्कामांची यादी असते, कोणत्या आश्रमात गरम पाणी मिळते याच्या नोंदीसह.