अपौरुषेय प्रश्नपत्रिका

'व्हेन वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन…' आणि पुढे रिकामी जागा. पर्याय दोन: 'लेफ्ट' किंवा 'हॅड लेफ्ट'. क्लासमध्ये घोकून घेतलेला नियम असा की भूतकाळातल्या दोन क्रियांपैकी जी आधीची, तिला पूर्ण भूतकाळ. म्हणून उत्तर 'हॅड लेफ्ट'. दुसऱ्यावर खूण केली की निगेटिव्ह मार्किंग. पण गाडी आधी सुटली हे सांगितले कोणी? फलाटावर पाय ठेवला आणि तेवढ्यात ती हलली, असे घडले असेल तर 'लेफ्ट' हेच नेमके इंग्रजी. हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली मांडले की क्रियापदाचा काळ उलगडायला बोलण्याची वेळ आणि घटनेची वेळ एवढ्यावर भागत नाही; घटनेकडे जिथून पाहायचे ती तिसरी वेळही लागते. 'हॅड लेफ्ट'मध्ये घटना त्या तिसऱ्या वेळेच्या आधीची असते, 'लेफ्ट'मध्ये दोन्ही एकच. व्याकरणाची हरकत कशालाच नाही. निवड करायची ती स्टेशनात काय घडले त्यावरून, आणि नेमके तेच प्रश्नात नाही.

असाच पेच दाखवणारे न्यायग्रंथांतले ठरलेले उदाहरण आहे: 'सैंधव आण'. सैंधव म्हणजे मीठ आणि सिंधू प्रदेशातला घोडाही. पानावर बसलेल्याने म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघालेल्याने म्हटले तर घोडा. म्हणून वाक्याचा अर्थ लावताना आकांक्षा (शब्दांची एकमेकांना असलेली गरज), योग्यता (अर्थांचा मेळ) आणि सन्निधी (शब्दांची जवळीक) यांच्या जोडीला तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू, विचारात घ्यावा लागतो. परीक्षेतल्या 'ही वेंट टू द बँक' या वाक्याला बोलणारा कोण? तो माणूस पैसे काढायला गेला की नदीकाठी गळ टाकायला, हे कोणाला विचारायचे? ते वाक्य कोणी कोणाला उद्देशून म्हटलेलेच नाही. एका अर्थी ते अपौरुषेय आहे. थट्टा सोडली, तर वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांपुढे हा पेच खरोखरच होता. वेदाला कर्ता नाही असे मानल्यावर हेतू कोणाचा शोधायचा? तरीही सुट्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी निकाल दिला नाही. प्रकरण सुरू कशाने होते, संपते कशाने, पुन्हा पुन्हा काय येते, नवे काय सांगितले आहे, फळ कोणते, अशा खुणांवरून तात्पर्य काढण्याची रीत त्या परंपरेने घालून दिली. वक्त्यावाचून त्यांचे अडले नाही. प्रकरणावाचून मात्र अडले असते.

यावर कोणी म्हणेल, संदर्भच सारे ठरवत असेल तर कोणतेही उत्तर बरोबर, मग व्याकरण हवे कशाला? मीमांसेतच याचे उत्तर आहे. यज्ञातले कोणते अंग कशाचे, हे ठरवताना श्रुती, म्हणजे शब्दांनी थेट सांगितलेले, प्रकरणापेक्षा बलवान मानली आहे. वाक्यात 'यस्टर्डे' असेल तर 'हॅज गॉन' बसत नाही, संदर्भ कितीही ताणा. तिथे एकच उत्तर मागणे रास्त. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: ढीगभर उत्तरपत्रिका यंत्राने तपासायच्या, तर उत्तर एकच हवे. कबूल, पण त्यासाठी 'व्हेन'च्या जागी 'बाय द टाइम' लिहिले तरी काम होते. राहता राहिला तो युक्तिवाद की परीक्षकाला काय हवे हे ओळखणे हेही कौशल्यच. असेल, पण त्याला इंग्रजीचे गुण का द्यायचे? शिवाय 'हॅव यू ईटन यट' ही ब्रिटिशांची धाटणी, 'डिड यू ईट यट' अमेरिकेत सर्रास चालते. रिकाम्या जागेला मात्र देश नसतो. उत्तरसूचीवर हरकत घेण्याची सोय बहुतेक परीक्षांत असते. तिथे पुरावा म्हणून व्याकरणाच्या पुस्तकाचे पान जोडावे लागते, आणि त्या पानावरही तसेच एक सुटे वाक्य असते.