चूक कितीदा सांगावी?

संगणकाने डिस्कला आज्ञा दिली आणि उत्तरच आले नाही, तर? लिनक्स प्रणाली स्कझी डिस्कसाठी साधारणतः ३० सेकंद वाट पाहते. मग ती आज्ञा रद्द करून पाहते. तेही न साधल्यास आधी ते उपकरण, पुढे वाहिनी, अखेर नियंत्रक रीसेट करते. इतक्यानेही भागले नाही, तर उपकरण सेवेबाहेर! कार्यालयात हयात गेलेल्या आम्हांस हा क्रम ओळखीचा वाटतो. कारणे दाखवा नोटीस आधी, बडतर्फी नंतर.

परंतु खरा नैतिक पेच पुढेच आहे. लिहिणे फसलेच, तर ते कितीदा सांगायचे? २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या जाणकारांच्या ध्यानात आले की, लिनक्स हे अपयश एकदा कळवी आणि स्मृतीतील ती पाने लिहून झाली असे धरून चाले. पुन्हा विचारणाऱ्यास उत्तर मिळे, 'काम झाले'. मजकूर मात्र डिस्कवर नसे.

यात खोटे कोण बोलले? एकदा सांगितले होते, हा बचाव आहेच. आम्हीही धोक्याची टिप्पणी एकदा लिहून मोकळे झालो आहोत. वरिष्ठांनी ती वाचली की नाही, याची चौकशी केली नाही. नस्तीत आमची स्वाक्षरी आहे, एवढेच समाधान. आज ते अपुरे वाटते.

पोस्टग्रेसने २०१९ मध्ये निराळा मार्ग धरला. असे अपयश कळताच दुसऱ्यांदा न विचारता सारा कारभार थांबवायचा आणि आधीच लिहून ठेवलेल्या रोजकीर्दीवरून हिशेब पुन्हा उभा करायचा. चालते काम बंद पाडण्याची नामुष्की तिने पत्करली.