नवस पुरे, उत्तरतालिका काढ

निकाल लागला की तू आधी दगडूशेठला जातोस, मग चहाच्या टपरीवर. तिथे मला ऐकवतोस, "सर, माझी श्रद्धा आहे. देव वाट दाखवेल." अरे, दाखवली की त्याने! राज्यसेवेच्या तीन पूर्वपरीक्षांत तीनदा दाखवली. तू बघितलीस का?

सीसॅटच्या पेपरात पात्र ठरायला 200 पैकी 66 गुण लागतात. 33 टक्के. तिथेच तू आपटलास. मागच्या खेपेलाही तिथेच. गणित शाळेपासून कच्चं, हे मी सांगायला हवं का? मग वर्षभर काय केलंस? पाठ असलेला इतिहास पुन्हा पाठ केलास. का, तर तो येतो. जे येतं तेच घोकायचं आणि अभ्यासिकेत दिवसभर बसलो म्हणून मिरवायचं! कोणाला फसवतोस? गावाकडून महिन्याचे पैसे पाठवणाऱ्या बापाला?

चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. ठाऊक असूनही शेवटच्या दहा मिनिटांत गोल रंगवत सुटलास. आयोगाची उत्तरतालिका आली, ती उघडलीस कशाला? कट-ऑफचा अंदाज बांधायला. कार्बन कॉपी शेजारी ठेवून एकेक चूक तपासलीस? कोणता प्रश्न येत नव्हता, कोणता नीट वाचलाच नाहीस, कुठे नुसता जुगार खेळलास? नाही. पेपर अवघड होता, पॅटर्न बदलला, साडेसाती होती. नाचता येईना, अंगण वाकडं!

पंढरपूरला जाऊन नामदेव पायरीवर डोकं टेकवून आलास ना? त्या नामदेवांची गोष्ट विसरलास? संतमेळ्यात गोरोबाकाका कुंभारांनी मडकी थापटायचं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं, असं सांगतात. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले. निवाडा झाला, हे मडकं कच्चं. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवला म्हणतात, त्यांना चारचौघांत कच्चं ठरवलं! गाऱ्हाणं घेऊन ते विठ्ठलाकडे गेले. त्याने लाड केले नाहीत, गुरू कर म्हणून सांगितलं. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. शिकले. पुढे पंजाबात घुमानपर्यंत पोचले. गुरू ग्रंथसाहिबात आज त्यांची 61 पदं आहेत. साक्षात देवाच्या लाडक्याला शिकवणी चुकली नाही, आणि तुला एका नारळात सूट हवी?

श्रद्धा असती तर स्वतःची चूक बघायला एवढा घाबरला नसतास. तू देवाला पुढे करून मागे लपतोस. असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. एवढंच तुझं अध्यात्म!

तू ढ असतास तर मी तोंड वाजवलं नसतं. सामान्य अध्ययनात तुझ्याएवढे गुण माझ्या वर्गात मोजक्यांना पडतात. राग त्याचाच येतो.

देवळात खुशाल जा. पण आधी त्या दिवशीची गणितं सोडव. एक वही घाल. चूक लिही, तिच्यापुढे कारण लिही. नशीब हे कारण चालणार नाही. मनापासून वर्षभर हे करूनही वही सांगत असेल की हा रस्ता तुझा नाही, तर तेही ऐक आणि दुसरं काम धर. त्यात कमीपणा नाही. दिशा सापडते ती अशीच.

सोमवारी तिन्ही पेपर आणि ती वही घेऊन ये. हातात नुसता प्रसाद असेल तर दारातूनच परत फीर.