रिकामं फिरणारं यंत्र

जुन्या कापणी-मळणी यंत्रांबद्दल हल्ली जे लिहिलं-बोललं जातं, त्याला दोनच टोकं असतात: रंग देऊन काचेमागे ठेवा, नाहीतर भंगारात काढा. दोन्ही पक्षांच्या लेखी यंत्र म्हणजे नुसतं लोखंड. ‘जुनं ते सोनं’ म्हणत गहिवरणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की हिवाळ्यातली मजुरी हिरावली म्हणून 1830 साली इंग्लंडच्या शेतमजुरांनी हीच मळणीयंत्रं फोडली होती. वर्षाकाठी चार दिवस चालणाऱ्या इंजिनाच्या धुराचा हिशेब मांडणाऱ्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

माझा वाद आहे संग्रहालयवाल्यांशी, कारण त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. चालवलं की यंत्र झिजतं, झिजलेला भाग बदलावा लागतो आणि प्रत्येक बदललेल्या भागाबरोबर एक पुरावा नाहीसा होतो, असं ते म्हणतात. पॅट्रिक बेलने घडवलेलं मूळ कापणीयंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याला कुणी हात लावू नये, हे मलाही मान्य. पण पीक कापून पेंढ्या बांधणाऱ्या, हजारोंनी बनलेल्या बाइंडरचं काय? त्याच्या पात्याची त्रिकोणी पानं रिव्हेट काढून बदलता यावीत म्हणूनच तशी केलेली असतात. पेंढीकडे पीक वाहून नेणारे कॅनव्हासचे पट्टे फाटणारच. मळणीच्या ड्रमवरचे दांडे तोल राहावा म्हणून समोरासमोरच्या जोडीने बदलतात. भाग बदलणं हे या यंत्रांच्या घडणीतच धरलेलं आहे.

मग ते म्हणतात, आराखडे जपा, चित्रफीत करून ठेवा. ड्रम आणि त्याखालची जाळी यांतलं अंतर आराखड्यात मिळेलही. पण काडात ओल असताना ओंबी चिवट असते, अंतर कमी करावं लागतं. दुपारी काड कुरकुरीत झालं की त्याच अंतरात दाणा फुटतो. पेंढी आत गेली की ड्रमचा आवाज दबतो आणि पेंढ्या सोडणारा त्या आवाजावरून हात आवरता घेतो. पुढे पंखा उपणणी करतो. वारा जरा जास्त झाला की भुसाबरोबर दाणाही उडतो. ही जाण पीक आत जात असतानाच कमावता येते.

म्हणून ठेवलेलं यंत्र आणि चालवलेलं यंत्र हा भेद मला पुरेसा वाटत नाही. माझ्या लेखी भेद आहे तो रिकामं फिरणाऱ्या आणि पीक घेणाऱ्या यंत्रांत. जुन्या यंत्रांच्या मेळाव्यात पट्टा चढवून रिकामा ड्रम घुमवतात, लोक टाळ्या वाजवतात. काचेमागच्या यंत्राहून त्यात मला फारसं वेगळं काही दिसत नाही.

पीक घेणारी जुनी यंत्रं पाहायची तर दक्षिण इंग्लंडमधल्या घरं शाकारणाऱ्यांकडे पाहावं. त्यांना गव्हाचं लांब, न मोडलेलं काड लागतं. आजचं कंबाइन ते चुरडतं आणि आजचा बुटका गहू मुळातच आखूड. म्हणून 1964 सालचा मॅरिस विजन हा उंच वाण तिथे अजून पेरतात, किंचित हिरवा असतानाच जुन्या बाइंडरने कापतात, पेंढ्या शेतात उभ्या करून वाळवतात आणि जुन्याच यंत्रांवर दाणा काढतात. वाणामुळे बाइंडर कामात राहिला, बाइंडरमुळे वाण शेतात राहिला.

तेव्हा अशा यंत्रांच्या दुरुस्तीला पैसा देणाऱ्यांनी रंगाच्या डब्यांआधी बियाण्याची चौकशी करावी. एक-दोन एकर उंच गहू पेरण्याची तयारी नसेल, तर यंत्र संग्रहालयाकडेच द्यावं. तिथे निदान बेअरिंगं नाहक झिजणार नाहीत.